तंबूवाल्या काकाजींची पंगत

हे लिखाण कोणत्याही कार्यालयास उद्देशून नाही. यावर तिकीट नको, शिक्का नको आणि पोचही नको. तहसील कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली बसून मी आजवर दुसऱ्यांची गाऱ्हाणी योग्य त्या मायन्यात लिहीत आलो. स्वतःविषयी लिहिण्याचा प्रसंग प्रथमच येत आहे.

तोंडाच्या कर्करोगातून मी उठलो, पुन्हा माझ्या खुर्चीवर बसलो आणि पुन्हा चारचौघांत जेवू लागलो. यांपैकी पहिल्या गोष्टीचे श्रेय डॉक्टरांचे आहे. उरलेल्या दोहोंचे श्रेय ज्यांचे, ते पुंडलिकराव डंभारे या हिवाळ्यात वारले. घाटंजीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, तलावाकाठच्या आपल्या वावरात ते तंबू लावून प्रवाशांना मुक्कामास ठेवीत. सारा तालुका त्यांना तंबूवाले काकाजी म्हणत असे.

ज्यांना हे दुखणे आले असेल, किंवा ज्यांच्या घरात आले असेल, त्यांनी हे वाचावे. औषधांची नावे यात नाहीत. ती डॉक्टरांना विचारावीत.

निदानाचा दिवस

माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आणि त्यातही इंग्रजीने दगा दिला. परंतु मायना, मजकूर आणि मागणी या तीन बाबतींत भले भले वकील माझ्याकडे कागद पाठवितात, ही वस्तुस्थिती आहे. अशा बैठ्या कामाला सोबत लागते. माझी सोबत खर्ऱ्याची होती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेली ती पुडी माझ्या खिशात पेनाच्या शेजारी असे, आणि डाव्या गालात तिचे कायमचे ठाणे होते.

एके दिवशी जेवताना गालाची आग झाली. मी पत्नीवर ओरडलो.

"सुमन, किती तिखट टाकतं वं वरनात?"

"तिखट टाकलंच नाई," ती म्हणाली. "वरन गोडं हाय."

आम्ही दोघेही त्या वाटीकडे पाहत राहिलो. तेथून पुढे यवतमाळच्या डॉक्टरांकडे जाणे, गालाचा बारीक तुकडा तपासणीस देणे आणि अहवालाची वाट पाहणे हे सारे झाले.

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी कागद उघडताच मी तो त्यांच्या हातातून घेतला. माझ्या हयातीत माझा कागद दुसऱ्याने वाचल्याचे उदाहरण नाही. कोणत्याही आदेशात निर्णय शेवटच्या परिच्छेदात असतो, म्हणून मी थेट तळाशी गेलो. मजकूर इंग्रजी होता. मी तो वाचत असल्यासारखा बराच वेळ धरून बसलो. डॉक्टर थांबले. नंतर हळूच म्हणाले, "गावंडेजी, कागद ठेवा खाली. मी सांगतो."

त्यांनी सांगितले. मी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "यावर अपील कोठे करावे लागते?"

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म आभारी आहे. ते म्हणाले, "नागपूरला. पण ऑपरेशनची तयारी ठेवूनच जा."

बसस्थानकावर सुमनने माझ्या खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून घेतली. मला वाटले, फेकेल. तिने फेकली नाही. पुडी मुठीत आवळून ती घाटंजीपर्यंत आली. घरी पोचल्यावर मूठ उघडली तेव्हा तळहातावर नखांच्या खुणा होत्या.

वॉर्डातील लेखनकार्य

नागपूरच्या त्या मोठ्या रुग्णालयाने माझ्या गालाचा व जबड्याचा काही भाग काढला आणि छातीवरचे मांस घेऊन तेथे नवा गाल बसविला. नव्या गालावर पुढे छातीचे केस उगवले. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो. भिऊ नये, ते कात्रीने कापता येतात.

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती आणि तोंडात जीभ नावाचे जे काही होते ते माझे ऐकत नव्हते. वॉर्डातील सर्वांची हीच अवस्था. कोणी बोलत नसे. सगळे हातवारे करीत आणि परिचारिका ओळखण्याचा प्रयत्न करीत. मला पाटी मिळाली, आणि मी अक्षर काढताच शेजारच्या खाटेवरील वर्ध्याकडचे गृहस्थ मला खुणा करू लागले. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांना पंख्याचा वारा सोसवत नव्हता. मी त्यांच्या वतीने लिहिले, "सविनय विनंती की, वरील पंख्यामुळे शेजारील रुग्णास थंडीची बाधा होत असल्याने योग्य ती कार्यवाही व्हावी."

परिचारिका पाटी हातात घेऊन वाचतच राहिली. मग म्हणाली, "भाऊ, पंखा बंद करा असं सिद्धं लिवा नं! थ्यो गारठून मरीन तवापर्यंत."

नळ्या नाकात असलेली माणसे हसू शकत नाहीत. खांदे मात्र हलतात. त्या दिवशी त्या ओळीतील सगळ्या खाटांवरचे खांदे हलले. भीती कमी कशी होते, असे मला विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो: ती जात नाही, परंतु मध्ये मध्ये उठून बाहेर उभी राहते.

पुढे शेकाचे, म्हणजे किरणांचे, उपचार झाले. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून निजवीत आणि सर्वजण खोलीबाहेर जात. यंत्राचा आवाज सुरू झाला की मी मनातल्या मनात वारसाहक्काचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत असे. देवाचे नाव घेणाऱ्यांनी देवाचे घ्यावे. ज्याला जे तोंडपाठ असेल, त्याने ते म्हणावे.

घरातील फोडणी

घरी आलो आणि खरी कसोटी सुरू झाली. तोंड दोन बोटांएवढेही उघडत नव्हते. सर्व अन्न मिक्सरमधून काढावे लागे. पोळी, भाजी, वरण एकत्र फिरवून जे तयार होई त्याचा रंग पाहून भूक मरत असे. खाताना ओघळ यायचा, म्हणून खांद्यावर नेहमी दुपट्टा.

काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की घरात फोडणीचा वास येत नाही. मी शेजारी जाऊन बसलो की सुमन आणि आमची मुलगी प्राजक्ता स्वयंपाकघराचे दार लोटून पटापट जेवून घेत. मी एकदा अचानक दार उघडले. प्राजक्ताच्या हातात ठेच्याबरोबर भाकरीचा तुकडा होता. तिने तो पाठीमागे लपविला. मुलगी यवतमाळला कॉलेजात शिकते, आणि बापासमोर भाकरी लपविते.

मला संताप आला. तो कोणावर, हे आजही सांगता येणार नाही. मी ओरडलो, शब्द उमटले नाहीत, नुसताच आवाज निघाला. सुमन म्हणाली, "आता आमी जेवाचंबी नाई काय? तुमच्यासमोर खाल्लं तं गुन्हा, मांगं खाल्लं तं चोरी!" आणि ती रडली, आणि प्राजक्ता रडली, आणि भाकरी तशीच राहिली.

आजाऱ्याच्या घरात सर्वजण उपाशी असतात. हे वाचणाऱ्या घरच्या माणसांना माझी विनंती आहे की, आपण आजाऱ्यासमोर बसून जेवावे. दारामागील जेवण त्याला जास्त ऐकू येते.

बोरी अरबची पंगत

त्या उन्हाळ्यात बोरी अरबला सुमनच्या भाच्याचे लग्न होते. मी जाणार नव्हतो. तिच्या आग्रहाखातर गेलो आणि जमिनीवरील पंगतीत बसलो. आमच्याकडे पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी पानावरून हलत नाही. हा रिवाज उत्तम आहे, आणि मी त्याचा नेहमीच पुरस्कार केलेला आहे.

मी वरणभात कालवून, बारीक बारीक करून, दुपट्ट्याआड गिळू लागलो. थोड्या वेळाने सभोवार शांतता जाणवली. मान वर केली, तर संपूर्ण ओळीचे जेवण आटोपले होते. सगळ्यांचे हात पत्रावळीवर वाळत होते. दुसऱ्या पंगतीची माणसे मंडपाच्या कडेला उभी. आणि ती सारी माणसे माझ्याकडे पाहत होती.

समोरून नवरदेवाचा काका म्हणाला, "काहून अर्जनवीस, पुढची तारीख मांगता काय?"

मंडप हसला. त्यात दुष्टावा नव्हता. मी स्वतः निरोगी असताना याहून बरा विनोद केला असता. परंतु मी अर्धे पान टाकून उठलो. पंगतीतून पहिल्याने उठणारा मी झालो.

तेव्हापासून मी लग्न, बारसे, तेरवी काहीही स्वीकारले नाही. कडुनिंबाखालील टेबलखुर्चीही घरी आणवून घेतली. त्याचे कारण वेगळे होते. माझ्या गुरूंनी मला घालून दिलेला नियम असा की, अर्ज लिहून झाला की तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि त्याने 'हाव' म्हटल्याशिवाय सही-अंगठा घ्यायचा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या नावाने काय मागितले जात आहे, ते कळलेच पाहिजे. आता मी वाचले तर कोणालाच काही कळत नव्हते. न वाचता अंगठा घेणे माझ्याच्याने होणार नव्हते.

बोलता येत नाही आणि चारचौघांत जेवता येत नाही, असा माणूस गावात राहतो खरा. पण तो गावाचा राहत नाही.

"थे सांगतीन"

काकाजींची आणि माझी ओळख जुनी. तंबूंच्या परवानगीचा अर्ज मीच लिहिला होता. त्यात "निसर्गरम्य परिसरात पर्यटकांच्या तात्पुरत्या निवासाची सुयोग्य व्यवस्था" असा शब्दप्रयोग मी केला, जो पुढे इतरांनी उचलला. वाचून दाखविल्यावर काकाजी म्हणाले होते, "बाप्पा! एवढं सारं? मले तं नुसते तंबू ठोकाचे होते." आणि मग, "हाव."

ते एके दिवशी मोटारसायकलवरून दारात आले. सत्तरीकडे झुकलेले, काळेसावळे, डोक्याला टोपी आणि पायजम्याच्या नाडीला नेहमी तंबूची एखादी दोरी गुंडाळलेली.

"चाला," ते मला म्हणाले.

मी कोठे, का, असे काहीसे विचारले. सुमन नेहमीप्रमाणे माझे बोलणे उलगडून सांगू लागली, "थे म्हंतेत का—"

"तुमी नोका सांगू, सुमनबाई. थे सांगतीन." ते माझ्याकडे वळले. "काय म्हनलं?"

मी पुन्हा बोललो. त्यांना कळले नाही. त्यांनी तसे सांगितले. मी तिसऱ्यांदा बोललो.

"आस्सं, कुठी चालाचं! तंबूत. हवा मोकळी हाय, गर्दी नाई. महिनाभर राहा. आन् या दोघी मायलेकींले घरात फोडनी देऊ द्या जराशी. साऱ्या गल्लीले मालूम हाय, तुमच्या घरी तेल तापत नाई म्हनून."

सुमन तोंडाला पदर लावून हसली. कित्येक महिन्यांनी. मी त्या हसण्यासाठी गेलो, असे म्हटले तरी चालेल.

मुक्काम

काकाजींच्या फाटकावर एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. आत येणाऱ्याने आपला खर्रा त्यात ठेवायचा आणि जाताना घ्यायचा. "माह्या तलावाच्या पान्यावर लाल पिचकाऱ्या नाई पाह्यजे," एवढेच ते सांगत. माझा डब्याशी संबंध उरला नव्हता. तरी पहिल्या दिवशी मी सवयीने खिसा चाचपला.

दिवस उजाडला की मी तलावाच्या काठी बसून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करीत असे. दातांच्या फटीत लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवून जबडा उघडायचा. दवाखान्यातील पट्ट्या संपल्या तेव्हा काकाजींनी बांबूच्या चिपा तासून, कडा घासून गुळगुळीत करून दिल्या. हा व्यायाम दुखतो. डोळ्यांतून पाणी येते. तो सोडू नये. जबडा एकदा बसला की मागून उघडत नाही. या बाबतीत कसलीही सवलत नाही.

जेवण संध्याकाळी, दिवेलागणीला, सर्वांचे एकत्र. काकू, म्हणजे काकाजींच्या पत्नी, ज्वारीच्या कण्या शिजवीत. भरडलेली ज्वारी पातळसर शिजवून त्यात ताक कालवायचे. गिळायला मऊ, पोटाला थंड. मी होतो तोवर सर्वांना कण्याच. पुण्या-मुंबईकडील पाहुणे वाट्या उंचावून छायाचित्रे काढीत आणि म्हणत की खरे गावाकडचे जेवण ते हेच. भाकरी मागितली तर काकाजी म्हणत, "भाकर सकाळी. रातच्याले कण्याच."

पहिल्या संध्याकाळी मी तंबूतच ताट आणावे, असे सुचविले. काकाजींनी ऐकले नाही. त्यांनी मला आपल्या शेजारी बसविले. तीन-चार कुटुंबे होती. मी भीत भीत खाऊ लागलो. पाहुण्यांचे आटोपले. मी मान वर केली. पुन्हा तीच शांतता.

तेवढ्यात एका पाहुण्याने उठण्यासाठी गुडघा उचलला. काकाजी म्हणाले, "बसा, बसा. माहं व्हायचं हाय अजून. घाई कोनाले हाय?"

मी त्यांच्या ताटाकडे पाहिले. ते खरोखरच अर्धे भरलेले होते. हा मनुष्य एक एक दाणा चावून खात असावा इतका संथ जेवत होता. पाहुणे पुन्हा बसले, गप्पा सुरू झाल्या, आणि माझे जेवण संपल्यावरही काकाजींच्या ताटात दोन घास होतेच.

रोज तसेच. पंगत काकाजींसाठी खोळंबे. माझ्यासाठी कधी नाही. काही दिवसांनी मी दुपट्टा खांद्यावरून मांडीवर घेतला. मग ताटाकडे न पाहता माणसांकडे पाहून जेवू लागलो. असा सावकाश चावून खाणारा माणूस मला योग्य वेळी शेजारी लाभला, हा मी माझ्या दैवाचा भाग समजलो.

बोलणे

जेवणापूर्वी काकाजी पाहुण्यांना चार सूचना देत. तलावात एकट्याने उतरू नये, तंबूबाहेर पडताना बूट झटकून घालावेत, आणि पंगत एकदम बसते व एकदम उठते. एका संध्याकाळी शाळेच्या सहलीची मुलींची मोठी तुकडी आली होती. काकाजी उभे राहिले आणि म्हणाले, "हे गावंडे साहेब. तहसीलचे मोठे अर्जनवीस. आज हे सांगतीन."

मी हातानेच नकार दिला. ते खाली बसले होते.

मी बोललो. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने बाईंना विचारले, "काय म्हणतात हे?" बाईंनी काकाजींकडे पाहिले. काकाजी मिशीवरून हात फिरवीत म्हणाले, "मले काय इचारता? त्याहीले इचारा."

सुमनने, प्राजक्ताने, सर्व नातलगांनी प्रेमापोटी माझे बोलणे उचलून पुढे नेले होते. या एका माणसाने ते माझ्याकडेच ठेवले. बाईंनी मला विचारले. मी पुन्हा सांगितले. शब्द तोडून, एकेक जागेवर बसवून, अर्ज वाचतो तसा. "बूट" हा शब्द काही केल्या निघेना. मी पायातील बूट काढून झटकून दाखविला. मागच्या रांगेतील एक चिमुरडी ओरडली, "बूट झटकायचे!" आणि सगळ्या मुलींनी बसल्या जागी बूट झटकले. केवढी धूळ झाली! काकू ओरडल्या, "अवं बायांनो, कण्यांत माती गेली नं!"

त्यानंतर सूचना मीच देत असे. काही पाहुण्यांना कळत, काही पुन्हा विचारीत. पुन्हा विचारणे हा अपमान नव्हे, हे मला त्या तलावाकाठी कळले. तोवर मी ते दुसऱ्यांना सांगत असे, स्वतःला लागू करीत नव्हतो.

पुन्हा कडुनिंबाखाली

दिवाळीनंतर मी टेबल परत नेले. पहिल्याने आली ती बाभुळगावकडची एक म्हातारी; मुलीकडे राहायला आली होती आणि पगाराचे, म्हणजे निराधारांच्या मदतीचे, पैसे तिकडून इकडे वळवायचे होते. अर्ज लिहिला. वाचण्याची वेळ आली. मी पाणी प्यालो आणि वाचला.

म्हातारीने कानामागे हात धरला. "परत एकडाव वाच, बाबू."

परत वाचला.

"आता मंग कसं! हाव."

तिचा अंगठा कागदावर उमटला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढील ओळी मिसळल्या. मी पेनाला शाई नसल्याचे निमित्त करून खाली वाकलो.

संध्याकाळी हे सांगण्यासाठी तंबूंकडे गेलो. काकाजी दोरीला गाठ मारीत होते. सगळे ऐकून म्हणाले, "बरं झालं. आता माह्या फाटकाच्या पाटीचं पाहा. पन बाप्पा, यंदा थोडक्यात लिवजा."

तेरवी

ते सकाळी तंबूचा खुंटा ठोकायला वाकले आणि तेथेच बसले. हातोडी हातात होती. दवाखान्यात नेईपर्यंत सर्व संपले होते. कसलाही आजार नाही, कसलीही खाट नाही. ज्याने माझे दुखणे काढले त्याने स्वतःचे कोणालाही काढू दिले नाही.

तेराव्या दिवसाचे जेवण, म्हणजे तेरवी, तलावाकाठी मुक्कामावरच ठेवली होती. चार शब्द मी बोलावेत, अशी गावाची इच्छा होती. मी श्रद्धांजलीचा मजकूर तयार केला. त्यात काकाजींची दानत, आतिथ्य, जंगलाविषयीची कळकळ हे सर्व यथायोग्य मांडले, आणि त्यांच्या संथ जेवणावर एक स्वतंत्र परिच्छेद घातला. "आहारातील त्यांचा संयम अनुकरणीय होता. प्रत्येक घास शांतपणे चावून खाण्याची त्यांची आजन्म सवय आजच्या धकाधकीच्या काळात..." असा तो होता. मला तो विशेष साधला होता.

माझा नियम सर्वांस सारखा. काकूंचा 'हाव' घेतल्याशिवाय मी तो मजकूर चारचौघांत वाचणार नव्हतो. चुलीपाशी त्या बसल्या होत्या. मोठ्या गंजात कण्या रटरटत होत्या. मी शेजारी बसून वाचू लागलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दानतीला मान हलली, आतिथ्याला हलली. संथ आहाराच्या परिच्छेदाशी त्यांनी डोळे उघडले.

"हे कोनाचं लिवलं?"

"काकाजींचं."

"आमच्या बुढ्याचं?" त्या मोठ्याने हसल्या. तेरवीच्या दिवशी, चुलीपुढे, पदराने डोळे पुसत हसल्या. "आवो गावंडे, थ्या मानसानं चाळीस वर्सं मले ताटावर बसू नाई देल्लं धड! भाकर वाढून वळली का ताट साफ. बैल सोडल्यासारखा जेवे. माही सासू म्हने, याले दात कायले देल्ले देवानं!"

"पण मी स्वतः पाहिले. महिनाभर शेजारी बसलो."

"हाव नं. तुमी होते म्हनून." त्यांनी कण्यांतला पळा हलविला. "तुमी पहिल्या दिवशी आले, तवा मले म्हने, 'त्याचं होईस्तोवर माहं नाई झालं पाह्यजे. अखरीले एकटाच जेवत बसला तं मानूस मेल्यासारखा होते.' तुमी तंबूत निजाले गेले का मंग इथी, चुलीपाशी येऊन भाकर मांगे. कण्यानं त्याचं पोट कुठी भरे!"



बोरी अरबच्या मंडपात काय घडले, ते मी काकाजींना कधी सांगितले नव्हते. सुमनने सांगितले असेल, किंवा कोणीच सांगितले नसेल. पंगतीत बसणाऱ्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

"हा एवढा खोटा हाय," काकू कागदाकडे बोट करून म्हणाल्या. "बाकीचं हाव."

मी तो परिच्छेद खोडला. त्या जागी काय लिहावे, ते सुचले नाही. प्रथमच सुचले नाही. सभेत उभा राहून उरलेला मजकूर तेवढा वाचला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.  

पंगत बसली. बोरी अरबनंतर गावाबरोबर बसण्याची ही माझी पहिली पंगत. सुमन वाढीत होती, प्राजक्ता ताक घेऊन मागून येत होती. माझ्या समोरच्या ओळीत, अगदी टोकाला, चेहऱ्यावर दुपट्टा बांधलेला एक पंचविशी-तिशीचा गडी बसला होता. माझ्या ओळखीचा नव्हता. तो दुपट्टा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने कण्या आत सरकवीत होता, आणि प्रत्येक घासानंतर दोन्ही बाजूंस पाहत होता. ते पाहणे मला ओळखीचे होते.

हळूहळू ओळींतले आवाज थांबले. हात पत्रावळीवर वाळू लागले. दुसऱ्या पंगतीची माणसे तंबूंच्या कडेला येऊन उभी राहिली. त्या गड्याच्या ध्यानात ते आले. त्याचा हात अर्ध्यावर थांबला. मी त्याचा गुडघा हललेला पाहिला.

वाढणाऱ्यांपैकी कोणी विचारले, "झालं काय मंडळी? उठाचं काय?"

"नाई," मी म्हणालो. मोठ्याने; अर्ज वाचतो तसा. "माहं व्हायचं हाय अजून. घाई कोनाले हाय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गंजापाशी काकूंचा पळा थांबला, आणि मग पुन्हा फिरू लागला. त्या गड्याने माझ्या पत्रावळीकडे पाहिले. तिच्यावर अजून काही घास बाकी होते. त्याने गुडघा खाली टेकविला, दुपट्टा उचलला आणि खाली मान घालून जेवू लागला.

मी एक घास घेतला आणि चावीत बसलो. जितका सावकाश येतो, तितका.